गढूळ आहे म्हणून ग्लास परत पाठवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत बेळगावात मिळू लागलेल्या एका क्राफ्ट ब्रुअरीच्या ‘जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअर’वर लेख आला आणि पाठोपाठ वाचकांची पत्रेही आली. एका वाचकाचे म्हणणे, बिअर गढूळ होती, म्हणजे शिळी होती. दुसऱ्यांना केळ्याचा वास आला, म्हणून त्यांनी एसेन्स घातल्याचा निकाल देऊन टाकला. तिसऱ्यांनी ‘चढतच नाही’ एवढ्यावर विषय मिटवला. लेखकाने मात्र तीच बिअर ‘अगदी म्युनिकसारखी’ ठरवली. आमच्या मते चौघांचाही अंदाज चुकला आहे.

या बिअरला जर्मन भाषेत हेफेवाइत्सन म्हणतात. ‘हेफे’ म्हणजे यीस्ट आणि ‘वाइत्सन’ म्हणजे गहू. नावातसुद्धा पहिला मान यीस्टला आहे आणि तो रास्त आहे, कारण हिची ओळख पटवणारी चव गव्हातून येत नाही, यीस्टमधून येते. गहू तिला अंग देतो, फेस देतो, तोंडातला मऊपणा देतो. त्यामुळे फळ्यावर ‘जर्मन’ असे लिहिले की विचारायचे प्रश्न दोनच उरतात: यीस्टला नीट काम करू दिले का, आणि त्याने केलेले काम ग्लासापर्यंत शाबूत पोचले का? पहिल्याला ब्रुअरी जबाबदार, दुसऱ्याला बार. बेळगावात आम्हाला गडबड दिसली ती जास्त करून बारच्या बाजूला.

चाखण्याचा तपशील असा. एकाच केगमधून (बिअरच्या पिंपातून) पहिल्या दिवशी एक ग्लास आणि तिसऱ्या दिवशी एक. तिसरा ग्लास दुसऱ्या बारमधला, वेगळ्या केगचा. पहिल्या ग्लासाचा रंग वाळल्या गवतासारखा फिकट सोनेरी, आणि गढूळ इतका की पलीकडचे बोट दिसेना. नाकाशी नेताच पिकलेले केळे आले, तेही वेलची केळ्यापेक्षा जवारी केळ्याच्या जवळचे, किंचित आंबूस. त्यामागे झाकून ठेवलेल्या कणकेचा वास. या बिअरला लवंगेचाही वास हवा, तो मात्र शोधावा लागला. फेस दोन बोटे चढला आणि दोन मिनिटांत काचेच्या कडेला बारीक कडे होऊन बसला. तोंडात मऊ, कडूपणा जवळपास नाही, शेवट जरा गोडसर. त्याच केगचा तिसऱ्या दिवशीचा ग्लास जवळपास स्वच्छ होता, केळे निम्म्यावर आलेले आणि वायू इतका उतरलेला की सरबतच. दुसऱ्या बारमधल्या ग्लासात पहिल्याच घोटाला ताकासारखी आंबट धार, आणि वर काठाला संत्र्याची चकती खोचलेली. ब्रुअरी तीच, बिअरही तीच.

गढूळपणा हा या बिअरचा दोष नाही, तिचा धर्म आहे. नेहमीची लागर, म्हणजे बाजारात सर्रास मिळणारी फिकट बिअर, गाळून चकचकीत केलेली असते. हेफेवाइत्सन गाळतच नाहीत. तरंगणारे यीस्ट आणि गव्हातली प्रथिने मिळून तिला तो दुधाळपणा देतात. हीच बिअर गाळून स्वच्छ केली की ती क्रिस्टालवाइत्सन होते, तीही जर्मनीत राजरोस विकली जाते. तेव्हा पाहायचे ते गढूळ आहे की नाही हे नव्हे, गढूळपणा कसा आहे हे. ग्लास उजेडासमोर धरा. सगळीकडे सारखे धुके दिसले तर ठीक. दूध फाटल्यासारखे पुंजके, चोथा किंवा तळाला जाड साय दिसली तर केग हलवलेला नाही किंवा फार दिवसांचा आहे. सोबत मांसाच्या रश्शासारखा किंवा सोया सॉससारखा वास आला तर यीस्ट मरून फुटायला लागले आहे असे समजा, आणि तो ग्लास मात्र जरूर परत करा.

आता केळे. एसेन्सची शंका घेणाऱ्या वाचकाचे नाक तयार आहे, हे आधी मान्य करतो. त्यांना आलेला वास आयसोअमाइल ॲसिटेट नावाच्या एस्टरचा, म्हणजे फळासारखा वास देणाऱ्या द्रव्याचा. पिकल्या केळ्यात तोच असतो आणि केळ्याच्या वासाच्या पिवळ्या गोळीतही तोच. फक्त इथे तो बाटलीतून ओतलेला नाही. साखरेचा अल्कोहोल करता करता यीस्ट अमिनो आम्लांतून दुसरे जड अल्कोहोलही थोडे बनवते आणि त्यातून हे एस्टर घडते. ते किती घडावे हे ब्रुअरच्या हातात असते. किण्वन (आंबवणे) १७ अंशांना ठेवले तर कमी, २१-२२ ला नेले तर जास्त. यीस्ट थोडे कमी टाकले तर जास्त. टाकी उथळ आणि उघडी असेल तर जास्त. उंच, निमुळत्या बुडाच्या बंद टाकीत वरच्या द्रवाचा आणि वायूचा दाब बसतो, त्यात एस्टर दबते. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातल्या काही जुन्या ब्रुअऱ्या आजही उघड्या हौदात ही बिअर आंबवतात, त्याचे एक कारण हे आहे. जर्मन ब्रुअरांचा एक जुना ठोकताळाही आहे: यीस्ट टाकतानाचे तापमान आणि किण्वनाचे तापमान यांची बेरीज ३० यावी. म्हणजे १२ अंशांना यीस्ट टाकले तर १८ पर्यंत चढू द्यायचे. प्रत्येक यीस्टला तो लागू पडेलच असे नाही, पण सुरुवात थंड आणि चढण सावकाश हे तत्त्व खरे.

तापमान २४ च्या वर निसटले की केळे मागे पडते आणि नेलपॉलिश रिमूव्हरचा वास पुढे येतो, प्यायल्यावर कपाळ धरते ते वेगळेच. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे दुपारचा पारा पस्तिशीला टेकतो. किण्वनाची स्वतःची उष्णता त्यात मिळते. अशा वेळी टाकी गार ठेवण्यासाठी तिच्याभोवती फिरणारे ग्लायकॉलचे द्रावण तासभर जरी थांबले तरी पहिल्या दोन दिवसांत त्याचा डाग बिअरवर पडतो. एस्टरचा फैसला त्याच दोन दिवसांत होतो, नंतर टाकी थंड करून उपयोग नसतो. आम्ही प्यायलेल्या बिअरमध्ये हा दोष नव्हता. तापमान सांभाळलेले होते, याचे श्रेय ब्रुअरीला दिले पाहिजे.

तिची कमी आहे ती लवंगेत, आणि ‘अगदी म्युनिकसारखी’ हे लेखकाचे वाक्य आम्हाला पटले नाही ते यामुळेच. केळे आणि लवंग तराजूच्या दोन पारड्यांसारखी असली तर ती हेफेवाइत्सन. नुसते केळे राहिले तर शिकरण. लवंगेचा वास ४-व्हिनाइल ग्वायाकॉल या द्रव्याचा. यीस्ट ते फेरुलिक आम्लापासून बनवते, आणि हे आम्ल धान्याच्या पेशींच्या भिंतीत अडकून असते. ते सोडवायचे तर दळलेला माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) पाण्यात ४४-४५ अंशांना पंधरा-वीस मिनिटे विसावू द्यावा लागतो, सामू (पीएच) ५.७ च्या आसपास ठेवून. हा टप्पा वगळून माल्ट थेट ६५ अंशांच्या पाण्यात टाकला तरी बिअर होते, दारूही तेवढीच चढते, वेळ आणि इंधनही वाचते. लवंग मात्र उपाशी राहते. पायरीपायरीने तापवायची सोय नसलेल्या छोट्या ब्रुअऱ्यांत हेच होते, आणि आमच्या ग्लासातल्या चवीवरून इथेही हेच झाले असावे असा आमचा कयास आहे. आणखी एक गंमत: लवंगेचा हा कच्चा माल गव्हाच्या माल्टपेक्षा बार्लीच्या माल्टमधून जास्त सुटतो. तेव्हा ‘आमच्यात ७० टक्के गहू’ ही पाटी फेसासाठी ठीक आहे, लवंगेसाठी ती उलटी पडू शकते. जर्मनीत वाइत्सन म्हणायला किमान निम्मा माल्ट गव्हाचा लागतो. पन्नास ते साठ टक्क्यांत उत्तम बिअर होते.

यीस्टची जातही हवीच. लागर किंवा एल या नेहमीच्या बिअरांच्या यीस्टला फेरुलिक आम्लाची लवंग करताच येत नाही. वाइत्सनच्या यीस्टमध्ये सर्वांत प्रसिद्ध डब्ल्यू-६८, बव्हेरियातल्या फ्रायझिंग गावच्या वाइनश्टेफान इथल्या यीस्ट-संग्रहातले. द्रवरूप यीस्ट शेवटपर्यंत थंडीत आणावे लागते, म्हणून बरेच जण पाकिटातले कोरडे वापरतात. त्यातले डब्ल्यूबी-०६ हे लोकप्रिय यीस्ट इतर यीस्ट सोडून देतात त्या डेक्स्ट्रिन नावाच्या जड शर्करांचाही फडशा पाडते. बिअर कोरडी, पातळ होते आणि बाटलीत साखर उरली असेल तर झाकण उडवते. आपल्या बिअरचा शेवट गोडसर आहे, म्हणजे इथे ते वापरलेले नसावे.

ज्यांना आकडे हवेत त्यांच्यासाठी १०० लिटरचा ढोबळ हिशेब देतो. गव्हाचा माल्ट १२ किलो, पिल्सनर (बार्लीचा फिकट) माल्ट ९ किलो. ४५ अंशांना वीस मिनिटे, ६३ ला अर्धा तास, ७२ ला अर्धा तास, ७७ पर्यंत नेऊन गाळणे. तासभर उकळी, हॅलरटाउ जातीचे ४ टक्के अल्फा आम्लाचे हॉप्स (कडूपणा देणारी फुले) सुमारे १२० ग्रॅम, सगळे सुरुवातीलाच, म्हणजे कडूपणा १२ आयबीयूच्या आसपास राहतो. सुरुवातीची घनता १.०४८, शेवटची १.०११-१.०१२, अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आतबाहेर. मुख्य किण्वन चार-पाच दिवसांत आटोपते आणि तीन आठवड्यांत बिअर प्यायला तयार होते. ही मुरवायची दारू नव्हे. दोन महिने उबेत पडली की केळे ओसरते, लवंग विरते आणि मागे ओल्या पुठ्ठ्याची चव उरते. परवान्याशिवाय घरी बिअर गाळणे हा अबकारी गुन्हा आहे, तेव्हा हा हिशेब ब्रुअरला चार प्रश्न विचारण्यापुरता.

गव्हाला टरफल नसते, त्यामुळे गाळताना पंचाईत होते. कुरडयांसाठी भिजवलेला गहू वाटताना जो चिकटा हाताला लागतो, तोच इथे चाळणीला लागतो आणि रस खाली उतरेनासा होतो. बार्लीचे टरफल गाळणीचे काम करते. गहू निम्म्याच्या वर गेला की वजनाच्या तीन ते पाच टक्के भाताचे तूस मिसळावे लागते. खानापूर तालुक्यातल्या कुठल्याही भातगिरणीवर ते ढिगाने मिळते, पण दोन गोष्टी पाळाव्यात. एक, तूस उकळत्या पाण्यात दोनदा धुवायचे, नाहीतर धूळ आणि मातकट वास रसात उतरतो. दोन, तूसच घ्यायचे, कोंडा नव्हे. कोंड्यात तेल असते आणि तेलाने फेस मरतो. गिरणीवर पोते भरणाऱ्याला हा फरक बजावून सांगावा लागतो.

तूसच हवे असेल तर ते अंगावर घेऊन येणारा गहू आपल्याच भागात आहे, खपली. कानडीत सदक किंवा जवे गोधी. मळणीनंतरही तिचे टरफल सुटत नाही, म्हणून चाळणी अडत नाही. खपली म्हणजे जर्मनांचा एमर, आणि बव्हेरियात एमरची बिअर आजही निघते. आपल्या शिवारातल्या खपलीचा माल्ट करून हेफेवाइत्सन काढणे अशक्य नाही, सोपेही नाही. नाचणीच्या सत्त्वासाठी मोड आणतो तीच ही क्रिया, फक्त काटेकोर: दाण्यातला ओलावा ४४ टक्क्यांच्या आसपास, मोड १५ ते १७ अंशांना चार-पाच दिवस, मग कमी आचेवर आणि भरपूर वाऱ्यात सावकाश वाळवण. उबेत मोड आणले तर बुरशी येते, घाईने भाजले तर पिष्टाची साखर करणारी विकरेच मरतात. सध्या गव्हाचा चांगला माल्ट बहुतेक ब्रुअऱ्या बाहेरून मागवतात. कुणी एका पोत्यापुरता खपलीचा प्रयोग केला तर आम्हाला चाखायला आवडेल. दहा टक्क्यांपासून सुरुवात करावी.

पाण्याबद्दल थोडके. राकसकोप जलाशयाचे असो की हिडकलच्या, नळाचे पाणी क्लोरीन घालूनच येते. क्लोरीन आणि बिअरमधली फिनॉले (लवंगेचे द्रव्य त्यांतलेच) एकत्र आली की क्लोरोफिनॉल होते आणि बिअरला दवाखान्याचा, चिकटपट्टीचा वास येतो. अगदी अत्यल्प प्रमाणातही तो नाकाला कळतो. गव्हाच्या बिअरमध्ये त्याला ‘लवंग’ समजून लोक फसतात. ओळख सोपी आहे: लवंगेचा वास घोटाबरोबर गोडसर होऊन विरतो, दवाखान्याचा वास जिभेच्या मागे चिकटून राहतो. उपायही स्वस्त: कोळशाची गाळणी, किंवा ७५ लिटर पाण्याला मेटाबायसल्फाइटची एक गोळी. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसते, पण बायकार्बोनेट चढे असेल तर सामू वर जातो आणि बिअर बोथट लागते. तिथे थोडे लॅक्टिक आम्ल घालून जमवून घ्यावे लागते.

आता बारकडे वळतो. तिसऱ्या दिवशीचा स्वच्छ आणि मेलेला ग्लास ही ब्रुअरीची चूक नव्हती. केग दोन दिवस उभा राहिला की यीस्ट तळाला बसते. केगमधली नळी तळातूनच बिअर उचलते, त्यामुळे पहिल्या काही ग्लासांत सगळा चिखल आणि नंतरच्यांत नुसते पाणी. म्हणून गव्हाच्या बिअरचा केग जोडण्याआधी उलटा ठेवतात किंवा जमिनीवर आडवा करून सावकाश लोळवतात, आणि तासाभराने जोडतात. हे काम दोन मिनिटांचे. आम्ही पाहिले त्या ठिकाणी केग आला तसा कूलरमध्ये उभा केला होता.

वायूचा घोळ याहून मोठा. लागरच्या एका लिटरात साधारण अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो; हेफेवाइत्सनमध्ये साडेतीन, कधी चारही. तीन अंश तापमानाला अडीच लिटर टिकवायला ११-१२ पीएसआय दाब पुरतो, साडेतीन टिकवायला २२ लागतो. बारमधली सगळी जोडणी लागरच्या हिशेबाने केलेली असते. २२ च्या दाबाने तीच आखूड नळी उघडली की ग्लासभर फेसच पडतो. मग नळावरचा पोरगा काय करतो? रेग्युलेटर फिरवून दाब १२ वर आणतो. त्या क्षणी फेस आटोक्यात येतो, गिऱ्हाईक खूश. पण बिअर आता त्या कमी दाबाशी जुळवून घ्यायला लागते आणि दोन-तीन दिवसांत तिच्यातला जास्तीचा वायू निघून जातो. तिसऱ्या दिवशीचे सरबत ते हेच. वायू गेला की वासही वर येत नाही, कारण केळे आणि लवंग नाकापर्यंत वाहून आणणारे बुडबुडेच उरलेले नसतात. खरा इलाज दाब उतरवणे हा नाही, त्याच आतल्या व्यासाची नळी जवळपास दुप्पट लांब लावणे हा आहे. जास्त दाबाला जास्त अडथळा मिळाला की ओघ शांत होतो. नळीचा खर्च एका केगच्या नफ्याच्या तुलनेत किरकोळ आहे.

दुसऱ्या बारमधली आंबट धार ही नळीतल्या घाणीची. गव्हाच्या बिअरला स्वतःचा हलका तुरटपणा-आंबूसपणा असतो, तो लिंबाच्या सालीसारखा वर तरंगतो. ताकाची किंवा व्हिनेगरची आंबट चव म्हणजे नळीत जिवाणूंनी घर केले. जिवंत यीस्ट आणि प्रथिने असलेली बिअर नळीत जास्त थर धरते, म्हणून इथे साफसफाईला सूट नाही. दर चौदा दिवसांनी दोन टक्के कॉस्टिकचे द्रावण पंधरा मिनिटे फिरवायचे, नंतर कागदाने तपासून सामू पाण्याइतका होईपर्यंत धुवायचे. तीन महिन्यांनी एकदा आम्लाचे द्रावण फिरवून खरवडीसारखा बसलेला थर काढायचा. नळाची तोटी रोज रात्री काढून धुवायची. नुसते गरम पाणी सोडून ‘लाइन क्लीन केली’ म्हणणे म्हणजे ताकाच्या मडक्याला पाणी दाखवण्यासारखे.

ग्लासाचेही तसेच. भांड्याच्या साबणाचा किंवा तेलकट हाताचा अंश राहिला की फेस बसतो. परीक्षा सोपी: ओला ग्लास उलटा धरा. पाणी पातळ पडद्यासारखे एकसंध उतरले तर स्वच्छ, थेंब थेंब होऊन अडले तर तेलकट. बिअर ओतल्यावर आतल्या काचेला बुडबुडे चिकटून राहिले तरी हेच समजा. फ्रीजरमध्ये बर्फ धरलेला ग्लास तर नकोच. ही बिअर सात-आठ अंशांना बोलते. दोन अंशांना ती मुकी असते. चिल्ड मागायची आपली सवय इथे आपल्याच पैशांवर पाणी टाकते. ग्लास थंड आला तर तळव्यात धरून पाच मिनिटे थांबा आणि पुन्हा वास घ्या, केळे उघडलेले दिसेल.

बाटलीची असेल तर अर्ध्या लिटरचा उंच, कमरेत बारीक ग्लास आधी गार पाण्याने विसळा, जवळपास आडवा धरा आणि बाटली सावकाश रिकामी करत ग्लास सरळ करत आणा. तळाशी दोन बोटे बिअर ठेवून बाटली गोल फिरवा, बसलेले यीस्ट सुटले की ते फेसावर ओता. ‘गाळ’ समजून ते बाटलीत सोडून देणारे निम्मी चव सोडून देतात.

संत्र्याच्या चकतीमुळे एक मोठा घोटाळा उघडा पडतो. संत्र्याची साल आणि धणे घालून, मोड न आणलेल्या गव्हाची करतात ती बेल्जियमची विटबिअर. भारतात ‘व्हाइट’ किंवा ‘व्हीट’ म्हणून जे काही लोकप्रिय झाले ते बहुतेक त्या घराण्यातले. ती बिअर वाईट नाही, पण जर्मन नाही. जर्मन पद्धतीत मसाला पडत नाही. वास येतो तो सगळा यीस्टचा. चकतीतले तेल फेस मारते आणि संत्र्याचा वास केळ्यावर बसतो, म्हणजे जे चाखायला आलो तेच झाकले जाते. चकती नको असे आधीच सांगावे. इतिहासाचा संदर्भ लेखात आला होता, त्यात एक दुरुस्ती: बिअर कशाची करावी हे ठरवणाऱ्या १५१६ च्या बव्हेरियन फर्मानात धान्य म्हणून बार्लीच सांगितली होती, गहू नव्हे. गव्हाची बिअर ही राजकृपेने मिळालेली सूट होती. १६०२ मध्ये तो मक्ता ड्यूक माक्सिमिलियनकडे गेला, आणि १८७२ मध्ये ब्रुअर गेओर्ग श्नायडर यांनी राजघराण्याकडून तो हक्क मिळवल्यावर ती पुन्हा सावरली. तेव्हा ‘१५१६ च्या नियमाप्रमाणे गव्हाची बिअर’ ही ओळ जाहिरातीत शोभते, वस्तुस्थितीत बसत नाही. (पत्र लांबले आहे. कात्री लावायची झाल्यास या इतिहासाला लावावी, दाबाच्या आकड्यांना नको.)

‘चढत नाही’ हे खरे आहे, पण तो दोष धरणे चुकीचे. पाच टक्के आणि आठ टक्के यांत फरक पडणारच. स्ट्राँग बिअरच्या मापाने हिला तोलायचे तर मांडे या पातळ पक्वान्नाला भाकरीच्या जाडीने तोलावे लागेल. जेवणाशी मात्र ही आपल्याकडे चांगली जमते. कडूपणा कमी असल्याने तिखट आणखी भडकत नाही, आणि भरपूर वायूमुळे तेलाचा तवंग जिभेवरून निघतो. तळलेला मासा, सुके मटण, शेंगाचटणी लावलेले काहीही चालते. जर्मन लोक सकाळच्या पांढऱ्या सॉसेजबरोबर गोड मोहरी घेऊन ती पितात. कुंद्याबरोबर घेऊ नका. कुंद्याच्या गोडीपुढे बिअर पाणचट आणि आंबट वाटते आणि दोन्ही पदार्थांचा अपमान होतो.

आमचे गुण विचाराल तर ब्रुअरीला दहापैकी सात. ४५ अंशांची वीस मिनिटे दिली तर आठ-साडेआठ. दोन्ही बारना मिळून तीन.

आपल्या पुरवणीला विनंती एकच: यापुढे अशा बिअरवर लिहिताना केग कोणत्या तारखेला भरला आणि कोणत्या दिवशी जोडला, या दोन तारखा बारला विचारून छापाव्यात. ब्रुअरी केगच्या गळ्यात भरण्याच्या तारखेची चिठ्ठी बांधते, बारने खडूने नळाशेजारी दुसरी लिहावी. पहिल्या तारखेपासून सहा आठवडे आणि दुसरीपासून चार दिवस उलटले असतील तर त्या बारमध्ये लागरच मागवावी.

कळावे,

माल्ट आणि किण्वनाच्या कामातले तीन वाचक,
टिळकवाडी, बेळगाव